सर्व्हरवर प्रायव्हेट व्हर्च्युअल इंटरफेस बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी टाकतोय. उत्तरं लिनक्स सर्व्हर (उबुंटू किंवा डेबियन) आणि वायरगार्ड (दोन मशीनमध्ये एन्क्रिप्टेड बोगदा, म्हणजे व्हीपीएन, बनवणारं सॉफ्टवेअर) धरून लिहिलीत. कमांड, फाइली आणि एररची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची. उदाहरणात सगळीकडे इंटरफेसचं नाव डब्ल्यूजी०, सर्व्हर १०.७७.०.१ आणि लॅपटॉप १०.७७.०.२ धरलाय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण निम्मे प्रश्न तिथेच अडकलेले असतात. वायरगार्डमध्ये एन्क्रिप्शन जवळजवळ कधीच बिघडत नाही, बिघडतं ते राउटिंग, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ते. त्यामुळे किल्ल्या (एन्क्रिप्शनच्या कीज) पुन्हा पुन्हा बनवत बसू नका, प्रश्न ८ वाचा.

१. व्हर्च्युअल इंटरफेस म्हणजे सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड लावायचं का? माझा तर व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) आहे, तिथे कसं लावणार?

काही लावायचं नाही, हे कार्ड फक्त सॉफ्टवेअरमध्ये असतं. असं एक कार्ड तुमच्या सर्व्हरवर पहिल्यापासून आहेच, १२७.०.०.१ वालं लूपबॅक. डब्ल्यूजी० पण त्याच जातीचं, फरक एवढाच की यात टाकलेलं पॅकेट एन्क्रिप्ट होतं, यूडीपीत (टीसीपीसारखीच पॅकेट पाठवायची दुसरी पद्धत) गुंडाळलं जातं, खऱ्या कार्डावरून बाहेर पडतं आणि समोरच्या मशीनच्या डब्ल्यूजी० मधून उघडून बाहेर येतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखी ते बाकीच्या कार्डांसारखंच एक कार्ड, त्यामुळे त्याला आयपी देता येतो, त्याच्यावर फायरवॉलचे नियम लावता येतात आणि डेटाबेसला 'फक्त इथेच ऐक' असं सांगता येतं. शेवटच्या गोष्टीसाठीच बहुतेक लोक हे करतात.

२. मला व्हीपीएन वगैरे काही नकोय, फक्त पोस्टग्रेस (माझा डेटाबेस) बाहेर दिसू नये एवढंच. तरी हे करायलाच लागतं का?

अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर अजिबात नाही. डेटाबेस १२७.०.०.१ वर ठेवा आणि झोपा. दोन मशीन एकाच प्रोव्हायडरकडे एकाच रीजनमध्ये असतील तर त्यांचं प्रायव्हेट नेटवर्क वापरा, मात्र ते फक्त तुमचं आहे की त्याच नेटवर्कवर इतर गिऱ्हाइकांचे सर्व्हरपण आहेत हे त्यांच्या माहितीपानावर नीट वाचा, कारण काही स्वस्त ठिकाणी 'प्रायव्हेट'चा अर्थ फक्त 'इंटरनेटवर नाही' एवढाच असतो. महिन्यातून एखाद्या वेळी तुम्हालाच डेटाबेस बघायचा असेल तर एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) टनेल पुरतो. सर्व्हर वेगवेगळ्या प्रोव्हायडरकडे आहेत, किंवा ऑफिसातले चारपाच जण रोज आत येणार आहेत, किंवा घरचा एखादा डबा पण यात जोडायचाय, असं काही असेल तर मग वायरगार्ड.

३. आमच्याकडे ओपनव्हीपीएन चालूच आहे, मग वायरगार्ड कशाला? फॅशन आहे म्हणून का?

चालू आहे आणि कुणाची तक्रार नाही तर हात लावू नका, खरंच सांगतो. नवीन बसवायचं असेल तर मात्र मी वायरगार्डच म्हणेन. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ते थेट कर्नलमध्ये आहे, त्याचा कोड मूळचा सुमारे चार हजार ओळींचा, आणि सर्टिफिकेट, सीए (ते देणारा), सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) कुठला निवडू ही भानगडच नाही. सायफर ठरलेले आहेत, निवडायला वावच ठेवलेला नाही. एक उणीव मात्र आहे, हे फक्त यूडीपीवर चालतं. एखाद्या कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर यूडीपी पूर्ण बंद असेल तर वायरगार्ड तिथे गप्प बसतो आणि टीसीपी ४४३ वर लावलेला ओपनव्हीपीएन निघून जातो.

४. आयपी रेंज कुठली घेऊ? सगळे ट्युटोरियलवाले १०.०.० किंवा १९२.१६८.१ घेतात, तेच घेतलं तर चालेल ना?

चालेल, जोपर्यंत समोरच्याच्या घरी तीच रेंज नाही तोपर्यंत. खासगी वापरासाठी तीन रेंज राखून ठेवल्यात: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. घरचे राउटर बहुतेक १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वर असतात, जिओ फायबरचा १९२.१६८.२९ वर, आणि डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःसाठी १७२.१७ पासून पुढे जागा घेत जातो. तुम्ही सर्व्हरचं नेटवर्क १९२.१६८.२९ ठेवलं की जिओवाल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपला कळणार नाही की १९२.१६८.२९.१ म्हणजे सर्व्हर का घरचा राउटर, आणि मग 'माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही' हा खेळ सुरू होतो. म्हणून १०.० आणि १०.८ सोडून मधलाच एखादा आडनिडा आकडा घ्या, १०.७७ किंवा १०.१४३ असा काहीतरी, आणि /२४ घ्या, म्हणजे २५४ पत्ते मिळतात. १००.६४.०.०/१० च्या वाटेला जाऊ नका, ती इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेकांना मिळून एकच पब्लिक पत्ता) ठेवलेली रेंज आहे आणि टेलस्केल (वायरगार्डवरच बांधलेली तयार सेवा) पण तीच वापरतं.

५. प्रायव्हेट की सर्व्हरवर बनवून सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर काय बिघडतं?

मग ती प्रायव्हेट राहिलीच कुठे. प्रत्येक मशीनने आपली जोडी आपल्याकडेच बनवायची: 'डब्ल्यूजी जेनकी'ने प्रायव्हेट आणि ती 'डब्ल्यूजी पबकी'ला दिली की पब्लिक. दोन्ही ४४ अक्षरांच्या दिसतात आणि शेवटी बरोबरचं चिन्ह असतं, त्यामुळे डोळ्यांनी फरक कळत नाही, कुठली कुठली ते लिहून ठेवा. इकडून तिकडे फक्त पब्लिक जाते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा नाहीतर फळ्यावर लिहा, काही होत नाही. फोनसाठी क्यूआर कोड बनवून देतात तेव्हा प्रायव्हेट की दुसऱ्या मशीनवरच बनते, ती सोय म्हणून ठीक आहे, फक्त स्कॅन झाल्यावर तो कोड आणि ती फाइल दोन्ही पुसून टाका. सर्व्हरवरच्या फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे रूटशिवाय कुणी वाचू शकणार नाही.

६. कॉन्फिग फाइलमध्ये कमीत कमी काय लिहायला लागतं? नेटवर मिळतात त्या फाइली भलत्याच मोठ्या आहेत.

खरं तर सर्व्हरच्या फाइलला सातआठ ओळी पुरतात. ईटीसीमधल्या वायरगार्ड फोल्डरात डब्ल्यूजी० डॉट कॉन्फ नावाची फाइल बनवा, फाइलचं नाव तेच इंटरफेसचं नाव होतं आणि ते १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. 'इंटरफेस' भागात तीन ओळी: स्वतःची प्रायव्हेट की, अ‍ॅड्रेस १०.७७.०.१/२४, लिसन पोर्ट ५१८२०. खाली प्रत्येक माणसामागे, म्हणजे मशीनमागे, एक 'पीअर' भाग: त्याची पब्लिक की आणि अलाउड आयपीज १०.७७.०.२/३२ (/३२ म्हणजे तो एकच पत्ता). एवढंच.

लॅपटॉपच्या फाइलीत लिसन पोर्ट लागत नाही, पण पीअरमध्ये सर्व्हरचा एंडपॉइंट लागतो, म्हणजे सर्व्हरचा पब्लिक आयपी, कोलन, ५१८२०. तिथल्या अलाउड आयपीजमध्ये १०.७७.०.०/२४ टाका. इथे खूप जण एंडपॉइंटमध्ये १०.७७.०.१ लिहितात, म्हणजे बोगद्यात शिरण्यासाठी बोगद्याच्या आतला पत्ता, ते कसं जमणार.

मग 'डब्ल्यूजी-क्विक अप डब्ल्यूजी०', आणि रीबूटनंतर आपोआप यावं म्हणून 'सिस्टमसीटीएल इनेबल' करून डब्ल्यूजी-क्विक अ‍ॅट डब्ल्यूजी०. नेटवरच्या मोठ्या फाइलींमध्ये पोस्टअप पोस्टडाउनच्या ज्या लांबलचक ओळी असतात त्या सर्व्हरमधून इंटरनेट वापरायचं असेल तरच लागतात, प्रश्न ११ बघा.

७. इंटरफेस अप दिसतोय, आयपी पण आलाय, पण लेटेस्ट हँडशेक काही येत नाही. स्टेट 'अननोन' दाखवतोय, तो लोचा आहे का?

स्टेट अननोन हे वायरगार्डसाठी नॉर्मल आहे, ते सोडा. आणि इंटरफेस अप आहे याचा अर्थ फक्त आपल्या मशीनवर कार्ड तयार झालं, समोरच्याशी बोलणं झालंय असा नाही.

हँडशेक (दोन्ही मशीननी किल्ल्या तपासून एकमेकांना ओळखणं) नाही म्हणजे पॅकेट पोचत नाहीये किंवा किल्ली चुकली. आधी पोर्ट बघा, ५१८२० यूडीपी उघडलाय का, कारण फायरवॉलमध्ये टीसीपी उघडून बसलेले लोक मी इतके बघितलेत की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. दोन ठिकाणी उघडायला लागतो, एक सर्व्हरच्या आत आणि एक प्रोव्हायडरच्या पॅनलवरच्या फायरवॉलमध्ये. ओरॅकल क्लाउडच्या उबुंटू इमेजमध्ये तर पॅनलवर पोर्ट उघडल्यावरही आतल्या आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) आधीपासून एक रिजेक्ट नियम बसलेला असतो, त्याच्या वर आपला नियम टाकायला लागतो.

टेलनेट मारून किंवा ऑनलाइन पोर्ट चेकरवर तपासू नका. ज्याची किल्ली ओळखीची नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे सगळं बरोबर असलं तरी बाहेरून पोर्ट मेलेलाच दिसतो. त्यापेक्षा सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, यूडीपी ५१८२० वर. लॅपटॉपवरून पिंग मारल्यावर तिथे पॅकेट येताना दिसलं आणि उत्तर जाताना दिसलं नाही तर किल्ल्या उलटसुलट झाल्यात किंवा सर्व्हरच्या आतली फायरवॉल अडवतेय, कारण टीसीपीडंपला पॅकेट त्या फायरवॉलच्या आधीच दिसतं. काहीच आलं नाही तर पॅनलवरची फायरवॉल. घड्याळाचं एक वेगळंच प्रकरण आहे, ते प्रश्न १८ मध्ये.

८. हँडशेक होतोय, सगळं हिरवं आहे, तरी पिंग जात नाही. डोकं फिरलंय, काय करू?

किल्ल्यांना हात लावू नका, त्या बरोबर आहेत म्हणून तर हँडशेक झाला. आता अलाउड आयपीज.

हा एकच शब्द दोन कामं करतो आणि सगळा गोंधळ तिथून येतो. पॅकेट बाहेर जाताना तो राउटिंगचा तक्ता आहे: '१०.७७.०.२ ला जायचंय? मग हे या पीअरच्या किल्लीने बंद करून त्याच्याकडे पाठव.' पॅकेट आत येताना तोच दारावरचा वॉचमन आहे: 'या पीअरकडून आलंय आणि पाठवणाऱ्याचा पत्ता १०.७७.०.२ नाही? टाकून दे.' टाकतो तेही न सांगता, लॉगमध्ये ओळ नाही, परत एरर नाही. म्हणून सर्व्हरच्या फाइलीत लॅपटॉपसमोर १०.७७.०.२/३२ लिहिलं आणि लॅपटॉपने स्वतःला चुकून १०.७७.०.३ घेतला तर हँडशेक झकास होतो आणि पुढे शांतता.

दुसरा सापळा याहून वाईट. दोन पीअरना एकच अलाउड आयपीज दिला, समजा कॉपी पेस्टमध्ये दोघांनाही १०.७७.०.०/२४ राहून गेलं, तर तो पत्ता ज्याला शेवटी दिला त्याचा होतो आणि पहिल्याकडून गुपचूप काढून घेतला जातो. लक्षण ओळखीचं आहे: नवीन माणूस जोडला की जुन्याचं बंद पडतं. 'डब्ल्यूजी शो' मारा, कुठल्यातरी पीअरपुढे अलाउड आयपीज 'नन' दिसेल. सर्व्हरच्या बाजूला प्रत्येक पीअरला त्याचा एकट्याचा /३२ द्या आणि हा विषय संपवा.

हे सगळं बरोबर असूनही पिंग नाही? मग समोरच्या मशीनची आतली फायरवॉल डब्ल्यूजी० वरून येणारं अडवतेय. विंडोज तर पिंगला मुळातच उत्तर देत नाही, तिथे पिंगवरून काही ठरवू नका, एखादा टीसीपी पोर्ट तपासा.

९. पिंगला 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' येतंय. किल्ली तर टाकलीये!

एररचं नाव फसवं आहे. किल्ली नाही असं म्हणायचं नसतं, तुम्ही ज्या पत्त्यावर पाठवताय तो कुठल्याच पीअरच्या अलाउड आयपीजमध्ये नाही असं म्हणायचं असतं, म्हणजे पुन्हा प्रश्न ८. याचा भाऊ 'डेस्टिनेशन अ‍ॅड्रेस रिक्वायर्ड', त्याचा अर्थ पीअर सापडला पण तो सध्या कुठे आहे ते माहीत नाही. सर्व्हरवरून लॅपटॉपला पिंग मारताना हा येतो, कारण लॅपटॉपचा एंडपॉइंट सर्व्हरच्या फाइलीत नसतोच, लॅपटॉपने आधी एकदा बोलायला लागतं, मग सर्व्हर तो पत्ता लक्षात ठेवतो.

१०. सर्व्हरवर अलाउड आयपीज ०.०.०.०/० टाकून अप केलं आणि एसएसएच तिथल्या तिथे फ्रीझ झालं. आता आत कसं जाऊ?

प्रोव्हायडरच्या पॅनलवर वेब कन्सोल किंवा व्हीएनसी कन्सोल असतो, त्यातून आत जा आणि 'डब्ल्यूजी-क्विक डाउन डब्ल्यूजी०' करा. इनेबल केलं नसेल तर पॅनलवरून नुसता रीबूट मारला तरी सुटाल.

झालं असं की ०.०.०.०/० म्हणजे 'जगातलं सगळं या पीअरकडे पाठव', डब्ल्यूजी-क्विकने इमानदारीत तसे राउट लावले आणि तुमच्या एसएसएचची उत्तरंपण तुमच्याकडे यायच्याऐवजी बोगद्यात गेली. ०.०.०.०/० लिहायचं ते क्लायंटच्या फाइलीत, तेही सगळं इंटरनेट सर्व्हरमधून न्यायचं असेल तर. सर्व्हरच्या फाइलीत त्या क्लायंटसमोर फक्त त्याचा /३२.

यावरून अजून एक: 'एसएसएच फक्त डब्ल्यूजी० वर ठेवतो, बाहेरचा पोर्ट बंद' ही कल्पना चांगली आहे, मी पण तेच सुचवतो, पण कन्सोलचा पासवर्ड चालतोय का ते आधी तपासा आणि एक रीबूट करून बघा, मगच बाहेरचं दार बंद करा.

११. घरचं सगळं इंटरनेट सर्व्हरमधून न्यायचंय. सर्व्हरपर्यंत पिंग जातो पण पुढे गूगलपण उघडत नाही.

तीन गोष्टी लागतात, त्यातली एक राहिलीये. पहिली फॉरवर्डिंग, 'नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी अंडरस्कोर फॉरवर्ड' एक करायचं. ते सिससीटीएलच्या डी फोल्डरात फाइल करून लिहा आणि 'सिससीटीएल डॅश डॅश सिस्टीम' मारा (वरचं सिस्टमसीटीएल वेगळं), कारण नुसतं 'डॅश पी' ते फोल्डर वाचत नाही. दुसरी मास्करेड, म्हणजे बाहेर जाताना १०.७७ चा पत्ता काढून सर्व्हरचा पब्लिक पत्ता लावायचा. इथे ट्युटोरियलमधली ओळ जशीच्या तशी टाकतात आणि फसतात, कारण तिच्यात ईटीएच० असतं आणि आजकालच्या व्हीपीएसवर खऱ्या कार्डाचं नाव ईएनएस३, ईएनपी१एस० असं काहीतरी असतं. 'आयपी राउट' मारा, डिफॉल्टच्या ओळीत खरं नाव दिसेल. तिसरी, यूएफडब्ल्यू (उबुंटूची सोपी फायरवॉल) चालू असेल तर तो फॉरवर्ड होणारं ट्रॅफिक मुळातच अडवतो, त्याला 'यूएफडब्ल्यू राउट अलाउ' करून डब्ल्यूजी० मधून आत आणि खऱ्या कार्डातून बाहेर असं वेगळं सांगायला लागतं.

आयपीने उघडतंय आणि नावाने नाही, तर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा). क्लायंटच्या इंटरफेस भागात डीएनएसची ओळ टाका.

१२. पिंग मस्त जातो, एसएसएच पण लॉगिन होतं, पण मोठी फाइल किंवा मोठा आउटपुट आला की अडकतं. काही वेबसाइट उघडतात, काही अर्धवट.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त लांबी. छोटी पॅकेट जातात आणि मोठी वाटेत मरतात, असं दिसलं की दुसरा विचारच करू नका. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटभोवती बाहेरून आयपीव्ही४ वर ६० बाइट आणि आयपीव्ही६ वर ८० बाइटचं वेष्टन लावतो. म्हणून डब्ल्यूजी-क्विक आपल्या खऱ्या कार्डाचा एमटीयू बघून त्यातून ८० वजा करतो, १५०० चे १४२० होतात. पण मधल्या वाटेवर कुठे जागा अरुंद आहे ते त्याला कळत नाही. बऱ्याच लोकल फायबरवाल्यांकडे पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) असतं, तिथे १४९२ च जातात, म्हणजे आयपीव्ही४ वरून १४२० निघून जाईल पण एंडपॉइंट आयपीव्ही६ असेल तर ८ बाइट जास्त होऊन अडकेल. मोबाइल डेटावर जागा अजून कमी असू शकते.

दोन्हीकडच्या इंटरफेस भागात एमटीयू १२८० टाकून बघा. सुटलं तर निदान पक्कं, मग हळूहळू वर न्या. नेमका आकडा काढायचा असेल तर पिंगला 'तुकडे करू नकोस' सांगून साइज बदलत बघा, साइजमध्ये २८ मिळवले की पॅकेटची खरी लांबी, म्हणजे १३९२ चा पिंग गेला तर १४२० चालतंय. सर्व्हर दुसऱ्यांचं ट्रॅफिक पुढे ढकलत असेल (प्रश्न ११, प्रश्न २०) तर आयपीटेबल्समध्ये एमएसएस क्लॅम्पची (टीसीपीची पॅकेट एमटीयूत बसतील इतकी लहान ठेवणारी) ओळपण घाला.

१३. सर्व्हर घरी आहे, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला, तरी बाहेरून काही येत नाही. कंपनी म्हणते पब्लिक आयपीचे वेगळे पैसे.

मग तुम्ही कॅरिअर नॅटच्या (कंपनीचा सामायिक नॅट, प्रश्न ४) मागे आहात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १०० पासून सुरू होतोय आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे, किंवा 'माझा आयपी काय' विचारल्यावर वेगळाच येतो, तर पोर्ट फॉरवर्डचा काही उपयोग नाही, कारण अजून एक नॅट कंपनीकडे आहे आणि तो तुमच्या हातात नाही.

उपाय म्हणजे दिशा उलटी करा. एक छोटासा व्हीपीएस घ्या, तो १०.७७.०.१, आणि घरच्या सर्व्हरने बाहेर जाऊन त्याला जोडायचं. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाका, नाहीतर थोडा वेळ काही बोलणं झालं नाही की नॅट ती वाट विसरतो आणि बाहेरून येणारं पहिलं पॅकेट हरवतं. कीपअलाइव्ह फक्त नॅटमागच्या बाजूला लागतो, दोन्हीकडे टाकायची गरज नाही. मग लॅपटॉपपण त्याच व्हीपीएसला जोडा. लॅपटॉपवर अलाउड आयपीज १०.७७.०.०/२४ असला की घरचा सर्व्हर दिसेल, फक्त व्हीपीएसवर फॉरवर्डिंग चालू हवं आणि फायरवॉलने डब्ल्यूजी० ते डब्ल्यूजी० जाऊ द्यायला हवं. मास्करेड मात्र नको. स्वतः हे करायचा कंटाळा असेल तर टेलस्केल घ्या, आत वायरगार्डच आहे.

१४. डेटाबेस १०.७७.०.१ वर बांधला, मस्त चालत होता, सर्व्हर रीबूट झाला आणि सकाळपासून अ‍ॅप बंद. हाताने रीस्टार्ट केला की लगेच चालतो!

बूट होताना डेटाबेस आधी उठला आणि डब्ल्यूजी० नंतर, त्यामुळे जो पत्ता अजून मशीनवर आलाच नाही त्याच्यावर बसायला गेला. मायसीक्वल अशा वेळी सुरूच होत नाही. पोस्टग्रेस जास्त दगाबाज, त्याला १२७.०.०.१ मिळाला की तो लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून सुरू होतो आणि स्टेटसला सगळं छान दिसतं.

सिस्टमडीमध्ये (बूटला सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) डेटाबेसच्या सर्व्हिसला ओव्हरराइड करून 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' मध्ये डब्ल्यूजी-क्विक अ‍ॅट डब्ल्यूजी० ची सर्व्हिस टाका. उबुंटू-डेबियनवर पोस्टग्रेसची खरी सर्व्हिस व्हर्जन आणि क्लस्टरच्या नावाची असते, नुसत्या 'पोस्टग्रेसक्यूएल'ला ओव्हरराइड केलं तर काही होत नाही, ती रिकामी छत्री आहे. दुसरा मार्ग 'आयपी नॉनलोकल बाइंड' एक करण्याचा, मग नसलेल्या पत्त्यावरपण बसता येतं.

१५. यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ बंद आहे, तरी डॉकरमधला पोस्टग्रेस बाहेरून उघडतोय. कसं काय??

डॉकर पोर्ट पब्लिश करताना स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूच्या आधी लागतील असे टाकतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूचं 'बंद' तिथे लागूच होत नाही. हे आज ताबडतोब बदला. पोर्टच्या ओळीत नुसतं ५४३२ कोलन ५४३२ न लिहिता पुढे पत्ता लावा, १०.७७.०.१ कोलन ५४३२ कोलन ५४३२, म्हणजे तो फक्त डब्ल्यूजी० वर उघडेल. बूटच्या क्रमाची गोष्ट डॉकरच्या सर्व्हिसलापण लागू, प्रश्न १४.

१६. नवीन माणूस जोडायचा म्हणजे दर वेळी डाउन-अप करायचं का? आणि मी फाइलीत लिहिलेले पीअर गायब कसे झाले?

डाउन-अप नको, बाकीच्यांची कनेक्शन तुटतात. फाइलीत पीअर लिहा आणि 'डब्ल्यूजी सिंककॉन्फ'ला 'डब्ल्यूजी-क्विक स्ट्रिप'चा आउटपुट द्या, फक्त बदललेलं तेवढं लागू होतं. फक्त नवीन पीअरचा पत्ता १०.७७.०.०/२४ च्या बाहेरचा असेल तर राउट सिंककॉन्फ लावत नाही, तो हाताने लावा.

गायब झाले कारण वर 'सेव्ह कॉन्फिग ट्रू' आहे. तो असला की डाउन होताना चालू असलेली स्थिती फाइलीवर लिहिली जाते आणि तुम्ही मधल्या काळात हाताने घातलेलं, कॉमेंटसकट, पुसलं जातं. ती ओळ काढून टाका, पण आधी डाउन करा मग काढा.

१७. एकच फाइल फोन आणि लॅपटॉप दोन्हीत टाकली तर?

सर्व्हरच्या लेखी किल्ली म्हणजेच मशीन. शेवटचं पॅकेट जिथून आलं तिथे उत्तर पाठवायचं, असं त्याचं चालतं, म्हणून तर वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी कनेक्शन टिकतं. दोन यंत्रांत एकच किल्ली टाकली की सर्व्हर एकदा इकडे एकदा तिकडे उत्तर देत बसतो आणि दोन्हीकडे आचके येतात. एकेक यंत्राला एकेक जोडी, एकेक /३२.

१८. गावच्या घरी रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आहे. लाइट जाऊन आली की वायरगार्ड जोडतच नाही, बऱ्याच वेळाने आपोआप जोडतो. किल्ल्या, पोर्ट सगळं बरोबर आहे.

घड्याळ. हँडशेकच्या पहिल्या पॅकेटमध्ये वेळ लिहिलेली असते आणि सर्व्हर प्रत्येक पीअरची आतापर्यंतची सगळ्यात पुढची वेळ लक्षात ठेवतो, जुनं पॅकेट कुणी पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून. जुन्या पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं (पाय ५ मध्ये सोय आहे पण बॅटरी वेगळी लावायला लागते), लाइट गेली की तो मागच्याच वेळेवर उठतो, आणि सर्व्हरला वाटतं हे जुनं पॅकेट आहे. एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) वेळ दुरुस्त झाली की जोडतो. म्हणून पायवर डब्ल्यूजी० ची सर्व्हिस वेळ सिंक झाल्यानंतर सुरू होईल असं लावा. आणि एनटीपी सर्व्हरपर्यंतची वाट बोगद्यातूनच जात असेल, म्हणजे ०.०.०.०/० लावलं असेल, तर ती गाठ कधीच सुटणार नाही, त्यातून एनटीपी बाहेर काढा.

१९. एंडपॉइंटला डायनॅमिक डीएनएसचं नाव दिलंय, आयपी बदलला की बंद पडतं. नाव दिलंय तर ते आपोआप नको का व्हायला?

नाव फक्त सुरू होताना एकदाच विचारलं जातं, पुढे आकडाच वापरला जातो. दर मिनिटाला नाव पुन्हा तपासून 'डब्ल्यूजी सेट'ने एंडपॉइंट बदलणारी स्क्रिप्ट टायमरवर लावा, वायरगार्डच्या टूल्ससोबत तशी एक नमुना स्क्रिप्ट येतेच. प्रश्न १३ सारखा मधे व्हीपीएस असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

२०. पुण्याच्या ऑफिसातून ठाण्याच्या ऑफिसातले प्रिंटर, एनएएस सगळं दिसायला पाहिजे. प्रत्येक यंत्रावर वायरगार्ड टाकायचा?

नाही, दोन्हीकडे एकेक यंत्र गेटवे करा. पुण्याच्या गेटवेवर ठाण्याच्या पीअरसमोर अलाउड आयपीजमध्ये १०.७७.०.२/३२ च्या जोडीला ठाण्याची पूर्ण रेंज लिहा, समजा १९२.१६८.४०.०/२४, आणि ठाण्याला उलट. दोन्हीकडे फॉरवर्डिंग चालू. आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: ऑफिसच्या मुख्य राउटरवर एक स्टॅटिक राउट, 'पलीकडची रेंज हवी असेल तर या गेटवेकडे जा'. नाहीतर प्रिंटरला मागणी पोचते, तो उत्तर राउटरला देतो आणि राउटर ते इंटरनेटवर भिरकावतो. गेटवे एडब्ल्यूएसवर असेल तर त्या इन्स्टन्सचं सोर्स-डेस्टिनेशन चेकपण बंद करायला लागतं.

दोन्ही ऑफिसात १९२.१६८.१ च असेल तर एका ठिकाणची रेंज बदला. नॅटचे नियम लावून जमतं, पण एक शनिवार काढून रेंज बदलणं परवडतं.

२१. 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' येतंय, इंटरफेस बनतच नाही. स्वस्तातला व्हीपीएस आहे.

तो व्हीपीएस बहुतेक ओपनव्हीझेड किंवा कंटेनरवाला आहे, कर्नल तुमचा नाही, होस्टचा आहे. प्रोव्हायडरकडून टन डिव्हाइस (सॉफ्टवेअरमधलं कार्ड) चालू करून मिळालं तर वायरगार्ड-गो वापरता येतो, तो कर्नलबाहेर चालतो आणि थोडा हळू आहे. नाहीतर केव्हीएमवाला (स्वतःचा कर्नल असलेला) व्हीपीएस घ्या, हल्ली किमतीत फारसा फरक नसतो.

२२. भारतात स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर चालवणं कायदेशीर आहे ना? लॉग ठेवायला लागतात म्हणे.

स्वतःच्या किंवा कंपनीच्या कामासाठी चालवायला देशभर सरसकट बंदी नाही, जम्मू-काश्मीरमध्ये मात्र काही जिल्ह्यांत वेळोवेळी बंदीचे आदेश निघालेत. लोक बोलतात ते सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांबद्दल. त्यात व्हीपीएन आणि व्हीपीएस सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलीये, आणि त्यावरूनच काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला तो भाग लागू नाही असं सर्ट-इनने नंतरच्या खुलाशात सांगितलं. पण त्याच निर्देशांत कंपन्यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असंही आहे, आणि वायरगार्ड स्वतःहून कुणाचाच लॉग ठेवत नाही, तो फक्त शेवटचा हँडशेक दाखवतो. तेव्हा ऑफिससाठी लावत असाल तर फायरवॉलचे लॉग वेगळे चालू करा आणि कंपनीच्या वकिलाला एकदा विचारा.

२३. एकाचा लॅपटॉप चोरीला गेला. पासवर्ड कुठे बदलायचा?

पासवर्ड नसतोच. 'डब्ल्यूजी सेट डब्ल्यूजी० पीअर', पुढे त्याची पब्लिक की, पुढे 'रिमूव्ह', त्या क्षणी तो बाहेर. मग फाइलीतूनपण काढा, नाहीतर पुढच्या रीबूटला चोर परत आत. बाकी कुणाच्या किल्ल्या बदलायची गरज नाही. कुठली की कुणाची हे त्या घाईत शोधायला लागू नये म्हणून प्रत्येक पीअरच्या वर आजच कॉमेंट टाकून ठेवा, नाव आणि यंत्र. लॅपटॉपवर एसएसएचच्या किल्ल्या असतील तर सर्व्हरच्या ऑथोराइज्ड कीजमधून त्यापण काढायच्या, ते वायरगार्ड करत नाही.